उद्यमनगरातले फियाटवाले मिस्त्री: बाबांची पद्मिनी पुन्हा चालू झाली

बाबांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, पाच महिने दारात उभी होती. सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचंच नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहानशा पत्र्याच्या गॅरेजनं ती चालू करून दिली, म्हणून हे लिहितेय. गॅरेजला पाटी नाही. फौंड्र्यांच्या गल्लीत शिरून फियाटवाले मिस्त्री कुठं बसतात, एवढं विचारायचं.

मार्चमधल्या एका दुपारी बाबांना घेऊन पन्हाळ्याला निघाले होते. वाघबीळच्या पुढं घाटात गाडी बंद पडली. अर्ध्या तासानं, इंजिन गार झाल्यावर चालू झाली आणि घरापर्यंत आलीसुद्धा. पुढच्या रविवारी मात्र काही केल्या सुरू होईना. आधी ज्या गॅरेजला दिली, तिथं नवी बॅटरी, चार प्लग आणि कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी करंटचा जोर वाढवणारी) बसवली, 9,200 रुपये घेतले आणि शेवटी सांगितलं, इंजिन उघडावं लागेल. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. इंजिन खोलायचं म्हटल्यावर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, घाटात बंद पडली तवा आचके देत पडली, का दिवा गेल्यागत एकदम?"

"एकदम," मी म्हटलं.

"मग आधी करंट बघायचा. पेट्रोलचं मागनं."

हा प्रश्न आधी कुणीच विचारला नव्हता. पेट्रोल कमी पडलं की गाडी बहुतेक वेळा धक्के खात, रेंगाळत थांबते. करंट तुटला की जागच्या जागी मरते. गरम झाल्यावर मरून गार झाल्यावर उठते म्हणजे त्यांचा पहिला संशय कंडेन्सर या ठिणगीच्या जोडणीतल्या छोट्या भागावर. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याच्या, टोपणातली मधली वायर काढून त्यांनी ती इंजिनच्या लोखंडापासून बोटभर अंतरावर धरली. ठिणगी आली, पण बारीक आणि पिवळी. आत सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे टेकू, जळून खड्डे पडलेले. कंडेन्सर गेला की पॉइंट उघडताना ठिणगी तिथंच उडते, पॉइंट जळतात आणि कॉइलमधून पुढं जोर येत नाही. कॉइल नवी असूनही काही उपयोग का झाला नाही, ते मला तेव्हा कळलं. नवे पॉइंट आणि कंडेन्सर बसवून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) साधारण 0.4 मिलिमीटरची फट लावली, आणि ठिणगी निळी होऊन चटचट वाजायला लागली.

तरीही गाडी सुरू झाली नाही. माझा जीव खाली गेला. मिस्त्रींनी प्लग काढून एकेका भोकावर अंगठा ठेवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. चारही सिलिंडरांनी अंगठा उडवला, म्हणजे आतला दाब ठीक होता, इंजिन खोलायची गरज नव्हती. "हेड उघडायचं काय कारण न्हाई बघा," म्हणाले, आणि ते मागं खुर्चीत बसलेल्या बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मग कार्बोरेटरच्या तोंडात झाकणभर पेट्रोल ओतलं. इंजिन चार सेकंद गरजलं आणि थांबलं. म्हणजे आता पेट्रोल वर चढत नव्हतं. एसी पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल वर खेचणारा पंप, उघडला तर आतला रबरी पडदा ताठ होऊन चिरलेला, आणि कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी. हा दुसरा बिघाड गाडी उभी राहिल्यानं झाला, असं त्यांचं म्हणणं. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि या गाड्यांचं जुनं रबर त्याला टिकत नाही. ऊस आपल्याच जिल्ह्यातला, पण 1986 च्या पंपाला तो मानवत नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, नळ्या बदलल्या, कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, म्हणजे जेट, साफ केले.

पडदा मुंबईहून यायला नऊ दिवस लागले. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून सामान मिळायची मारामार झाली आहे, असं मिस्त्री सांगतात.

एकूण खर्च 4,150 रुपये, त्यात मजुरी 1,800. काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रात बांधून परत दिला. तक्रारी दोन: फोन उचलत नाहीत, त्यामुळं सकाळी अकराच्या आत स्वतः जावं लागतं, आणि बिल वहीच्या कागदावर मिळतं. गाडी धुळीनं भरून आली, पण फौंड्रीशेजारी दुसरं काय होणार.

पाचपैकी पाच. जाताना गाडी कशी बंद पडली ते नीट आठवून जा. चार दिवसांमागं बाबांनी स्वतः चोक ओढला, दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. वाघबीळला उसाचा रस पिऊन आम्ही पन्हाळा चढलो. स्टिअरिंगखालचा गिअर टाकताना माझ्या हातावर त्यांचा हात होता.