हेक्झा क्रोमियमचं ‘बोअर पॅकेज’ : पाचपैकी अडीच

क्रोम प्लेटिंगचं जुनं शेड विकायचंय, पण हेक्झा क्रोमियममुळे बोअरचं पाणी पिवळसर येतंय आणि उन्हाळ्यात प्लिंथवर पिवळी पापडी धरते. अशा मालकासाठी हे सफाईचं पॅकेज आहे. दोन गोण्या हिराकस विरघळवून शेडमधल्याच बोअरमध्ये सोडायचं, पंधरा दिवसांनी एक नमुना घ्यायचा, की रिपोर्ट हातात. पुरवठादाराचं नाव गाळलंय.

रसायनाबद्दल तक्रार नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. पाण्याबरोबर वाहत जाणारं विषारी हेक्झा क्रोमियम त्यातल्या लोहामुळे ‘ट्राय’, म्हणजे बरंच कमी विषारी क्रोमियम होतं आणि मातीला धरून बसतं. माल स्वस्त, मिळतोही सहज. फक्त गोणी उघडून खडे बघा, हिरवे हवेत. तपकिरी पडले असतील तर लोह गोणीतच गंजलंय.

घोळ हिशेबात आहे. 1 ग्रॅम हेक्झाला कागदावर 16 ग्रॅम हिराकस लागतं. प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरावं, कारण पाण्यातला ऑक्सिजनही लोह खातो. 50 हजार लिटर पाण्यात लिटरमागे 5 मिलिग्रॅम हेक्झा असेल तर ते झालं एकूण 250 ग्रॅम. त्याला 4 किलो हिराकस पुरतं, तिपटीने 12 किलो. इथवर दोन गोण्या म्हणजे चंगळ. आता प्लेटिंग टाकीच्या खालची 10 घनमीटर माती घ्या, साधारण 17 टन. तिच्यात किलोमागे 500 मिलिग्रॅम निघालं तर हेक्झा साडेआठ किलो, म्हणजे हिराकस 136 किलो, तिपटीने 400 च्या वर. दुखणं मातीत आणि औषध बोअरमध्ये!

त्यात आपल्याकडची जमीन. वर काळी माती, खाली चुनखडीचा मुरूम, मग फटीफटींचा काळा पाषाण. हिराकसचं पाणी आम्लधर्मी. चुनखडी लागली की लोह जागेवरच लाल गाळ होऊन बसतं आणि बोअरच्या झऱ्या बुजवतं. लांब जातच नाही. वरून ओतावं तर मे महिन्यातल्या भेगांतून सरळ खाली उतरतं, ढेकळाचा गाभा कोरडाच राहतो. म्हणून टाकीखालची माती उकरून, ढेकळं फोडून, हिराकस कालवून काही दिवस ओली ठेवावी लागते. पॅकेजमध्ये जेसीबीचा एक तासही धरलेला नाही. रावेर-यावलच्या गाळाच्या पट्ट्यात आणखी एक भानगड: शेजारच्या केळीचा पंप तासन्‌तास चालतो आणि दूषित पाणी स्वतःकडे ओढतो. त्या बाजूला निरीक्षणाचं बोअर हवंच. इथे तेही नाही.

चाचणी सगळ्यात कच्ची. नमुना जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, बर्फात ठेवून 24 तासांत लॅबला पोचायला हवा. धातूंच्या चाचणीसाठी लॅब देते त्या बाटलीत नायट्रिक ॲसिड आधीच घातलेलं असतं. हेक्झाचा नमुना तिच्यात भरला तर तो बाटलीतच ट्राय होऊ शकतो आणि आकडा खोटाच कमी येतो. हेक्झा आणि एकूण क्रोमियम, दोन्ही मागा, वेगवेगळ्या बाटल्यांत. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे.

वेळही सोयीची निवडलीय. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, दूषित मुरमाला शिवतही नाही, मग रिपोर्ट साफ येणारच. ऑक्टोबरात पातळी चढली की मुरमातलं हेक्झा धुऊन पुन्हा बोअरमध्ये उतरतं. शेवटचा हप्ता, निदान तिसरा हिस्सा, पावसाळ्यानंतरच्या नमुन्यावर अडवा.

अडीच गुण रसायनाला आणि दराला. बाकी, कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘उकरलेली माती ग्राहकाची’ अशी ओळ आहे, ती सही करण्याआधी खोडून घ्या. ही माती घातक कचऱ्यात मोडली तर साइटवर साधारण 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि ती फॉर्म 10 च्या मॅनिफेस्टवर (घातक कचरा वाहतुकीचा कागद) रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्राला पाठवायची म्हणजे ट्रकभाडंच पॅकेजच्या वर जाऊ शकतं.