हार्त्समध्ये पाण्याचं बोट धरून: ओडरटाइख ते साम्सोन खाण

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांत जाणारे बहुतेक जण थेट ब्रोकन गाठतात. उत्तर जर्मनीतलं सर्वात उंच शिखर, 1141 मीटर, आणि वर्षातले बरेच दिवस धुक्यात. टोर्फहाउसहून वर जाणारी वाट सुट्टीच्या दिवशी लक्ष्मी रोडसारखी वाहते. एकदा जाऊन यावं, हरकत नाही. पण हार्त्स कळायचा असेल तर ओडरटाइख तलावापासून सांक्ट आंद्रेआसबेर्ग या गावापर्यंतची कालव्याकाठची वाट धरावी. आमच्या मते पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईल.

ओडरटाइख हा तलाव 1715 ते 1722 या काळात आंद्रेआसबेर्गच्या चांदीच्या खाणींसाठी बांधला. साठा सुमारे 17 लाख घनमीटर. पाऊस नसतानाही तीनेक महिने खाणींची पाण्यावर चालणारी चाकं फिरत राहावीत, हा हिशोब. हार्त्समधल्या इतर जुन्या बांधांना गळती थांबवण्यासाठी गवताच्या ढेपा वापरल्या, इथे मात्र ग्रॅनाइटचे मोठे चिरे आणि आत ठासलेली ग्रॅनाइटची भरड आहे. बांधाच्या खालच्या अंगाला उतरून ते चिरे जवळून बघा, वरवर बघून निघू नका. तलावाचं पाणी दलदलीतून येतं म्हणून ते कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. घाण नाही, उन्हाळ्यात लोक त्यात पोहतात.

242 क्रमांकाचा महामार्ग धरणाला खेटून जातो आणि वाहनतळही तिथेच आहे. कालवा बांधाच्या खालून सुरू होतो. वाहनतळावरून तलावाभोवतीच्या वाटेला लागलात तर फिरून पुन्हा तिथेच याल, म्हणून आधी रेबेर्गर ग्राबेनची (हेच त्या कालव्याचं नाव) पाटी शोधा आणि पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे चाला. हा कालवा सव्वासात किलोमीटरच्या आसपास आहे. पाण्याला जेवढा उतार लागतो तेवढाच वाटेला, म्हणजे चालताना जाणवतही नाही. सह्याद्रीत दिवसाला दोन किल्ले करणाऱ्यांना हे मिळमिळीत वाटेल, पण आजीआजोबांना आणि लहान मुलांना घेऊन जायला याहून सोपी वाट या डोंगरात क्वचितच सापडेल. बाबागाडी मात्र मजबूत चाकांची हवी. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला दरीचा उतार, आणि सगळीकडे कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका.

वाटेत रेबेर्गचा कडा लागतो. तिथे ग्रॅनाइट आणि त्याच्या उष्णतेने भाजून काळा-कठीण झालेला खडक एकमेकांना भिडलेले दिसतात. 1783 मध्ये जर्मन कवी गटे हेच बघायला इथे आला होता. तिथून पुढे ग्राबेनहाउस, कालव्याची देखभाल करणाऱ्यांसाठी बांधलेलं घर. आता तिथे खाणंपिणं मिळतं. उघडं आहे की नाही हे निघण्याआधी तपासा आणि खिशात रोख ठेवा. पुढे पाणी डोंगराखालच्या बोगद्यात शिरतं, वाट वरून जाते आणि शेवटी गावात उतरते. गुडघे बोलतात ते या उतारावर, कारण आंद्रेआसबेर्गचे रस्ते चांगलेच तीव्र आहेत. एकूण नऊ किलोमीटरच्या आसपास. थांबत-थांबत तीन तास.

शेवट साम्सोन खाणीतच व्हायला हवा, नाहीतर एवढं पाणी कशासाठी आणलं ते कळत नाही. 1521 ते 1910 अशी चाललेली ही खाण 800 मीटरहून खोल होती. नऊ मीटर व्यासाच्या चाकावर वाट्यांच्या दोन रांगा उलटसुलट दिशेने बसवल्या आहेत: एकीत पाणी सोडलं की चाक सुलटं फिरतं, दुसरीत सोडलं की उलटं. त्यामुळे एकाच चाकाने खनिज वर येई आणि रिकामी बादली खाली जाई. खरी चीज म्हणजे 1837 ची फारकुन्स्ट, म्हणजे कामगारांना वर-खाली नेणारं यंत्र. तारांचे दोन दोर आळीपाळीने वर-खाली होतात, कामगार एका दोराच्या पायरीवरून दुसऱ्याच्या पायरीवर पाऊल टाकत वर येतो. त्याआधी शिड्या चढूनच यावं लागे. पर्यटकांना त्यावर चढता येत नाही, फक्त बघता येतं. आणि कालव्याचं पाणी आजही खाणीच्या पोटातल्या दोन वीजकेंद्रांना पुरतं.

अर्धा गुण कापला तो परतीच्या बससाठी. रविवारी फेऱ्या तुरळक, जंगलात नेटवर्क नाही, म्हणून वेळापत्रक मोबाइलवर आधीच उतरवून घ्या. खाणीची माहितीफेरीही ठरावीक वेळांनाच असते. ती वेळ धरून उलट हिशोब करून निघा. पाहुण्यांच्या कार्डाच्या योजनेत सहभागी असलेल्या गावात मुक्काम असेल तर त्या कार्डावर बसप्रवास फुकट होतो, हॉटेलात मागून घ्या.

2018 नंतरच्या दुष्काळात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसची झाडं मारली आहेत. वाऱ्याच्या दिवशी ती उभीच्या उभी कोसळतात, त्यामुळे वाट बंद असल्याची पाटी दिसली तर मागे फिरा. हिवाळ्यात वाटेवर बर्फ घट्ट होतो, बुटांना काटे लावल्याशिवाय जाऊ नका.

शिक्क्यांची हौस असेल तर हार्त्सर वांडरनाडेल या शिक्के गोळा करण्याच्या उपक्रमाची वही घ्या. हार्त्सभर शिक्क्यांच्या 222 पेट्या आहेत. 8 शिक्क्यांना कांस्य बिल्ला, 16 ला रौप्य, 24 ला सुवर्ण, मुलांना 11 वर राजकुमाराचा मान. ओडरटाइखलाही एक पेटी आहे. शिक्क्याची शाई कधी सुकलेली असते, तेव्हा छोटं स्टॅम्प पॅड पिशवीत टाका.