"स्टिरॉइड-फ्री" पुडीतच स्टिरॉइड होतं, आमवातवाल्यांनी जरूर वाचा

मला आमवात आहे. वयामुळे गुडघे झिजतात तो नाही, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते, दोन्ही हातांची बोटं सुजतात आणि सकाळी उठल्यावर तास-तासभर मूठ वळत नाही. ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

माझं व्यवस्थित चालू होतं. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी (उठलेली प्रतिकारशक्ती आवरणारं आमवाताचं मूळ औषध), सोबत फॉलिक अ‍ॅसिड, आणि साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासून डॉक्टरांना दाखवायचं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), सीआरपी (अंगात सूज किती ते) हे सगळं बघतात कारण हे औषध लिव्हरवर आणि रक्तपेशींवर परिणाम करू शकतं. दुखणं आटोक्यात होतं पण गेलेलं नव्हतं, आणि दर वेळी सुई टोचून घ्यायचा कंटाळा येतोच हो, कोणाला येत नाही.

तेवढ्यात ओळखीतल्या एकीने व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ग्रुपमधे अ‍ॅड केलं. रोज तिथे कोणाचे तरी वाकडे हात सरळ झालेले फोटो, कोणीतरी काठी टाकून चालतंय असे व्हिडिओ. मग फोन आला. बोलणारा इतका गोड की विचारू नका, ताई ताई करत अर्धा तास माझा सगळा इतिहास ऐकून घेतला, डॉक्टरकडे तेवढा वेळ कोणाला असतो? आमच्या पावडरमधे स्टिरॉइड (सूज झटकन दाबणारं पण दुष्परिणामही करणारं औषध) अजिबात नाही हे त्याने मी न विचारता चार वेळा सांगितलं. आता कळतंय की ज्याच्या पुडीत खरंच नसतं तो ते इतक्या वेळा कशाला सांगेल!

पुड्या आल्या त्या साध्या कागदात दुमडलेल्या. वर नाव नाही, काय काय घातलंय ते नाही, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही. तपकिरी चुरा, आणि उजेडात धरला की त्यात मधेच बारीक पांढरे कण, जिभेवर ठेवलं की जडीबुटीच्या कडूपेक्षा वेगळाच कडू लागायचा. सोबत पथ्याची लांबलचक यादी.

आणि फरक पडला! हेच तर सांगायचंय, लोक म्हणतात फसवं औषध म्हणजे नुसती माती, काही होत नाही. इथे उलट झालं. दोन-तीन दिवसांत मूठ वळायला लागली, कपडे पिळता येऊ लागले, शर्टाची बटणं माझी मी लावली. इतकी वर्षं मेथोट्रेक्झेटने जे जमवलं नाही ते पुडीने करून दाखवलं असं वाटणारच ना. त्याच आठवड्यात त्याचा पुढचा फोन, ताई आता ती गोळी बंद करा, दोन औषधं एकत्र चालत नाहीत, आणि मधे रक्त तपासू नका, रोग बाहेर पडताना रिपोर्ट वरखाली दिसतात आणि डॉक्टर उगाच घाबरवतात. मग तपासणीची तारीख आली आणि गेली.

खरी मेख इथे होती. तेव्हा गेले असते तर डॉक्टरांना पाच मिनिटांत कळलं असतं. गोळी बंद आणि तरी सूज एकदम गेलेली, त्यात बीपी वाढलेलं, उपाशीपोटीची साखर वाढलेली, वजन वाढलेलं, कुठलाही डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल की बाहेरून काय घेताय. चेहरा गोल झाला होता, सगळे म्हणायचे तब्येत छान सुधारली. भूक सारखी, झोप नाही, दंडावर कुठे जरा आपटलं तरी काळानिळा डाग. ग्रुपवर विचारलं तर उत्तर, शरीरात रस तयार होतोय. कसला रस देव जाणे.

मग पुड्या यायच्या थांबल्या. माल संपलाय, पुढचं मोठं पॅकेज आधी भरा म्हणजे लगेच पाठवतो. मी म्हटलं थांबून बघू जरा. काही दिवसांतच सांधे तर पेटलेच पण त्याहून वाईट म्हणजे उठताच येईना, उलट्या, उभी राहिले की डोळ्यांसमोर अंधार. त्याला फोन केला तर म्हणे विष बाहेर पडतंय, दुप्पट पुड्या लागतील. घरच्यांनी त्याचं ऐकलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी झोपवून आणि उभं करून दोन्ही वेळा बीपी घेतलं, उभं राहिल्यावर ते धाडकन खाली. रक्तात सोडियम कमी. सकाळी आठला कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलं, तेही फारच कमी. हा आपल्या अंगातलाच स्टिरॉइड, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी तो बनवतात. बाहेरून काही आठवडे भरपूर स्टिरॉइड मिळत राहिलं की त्या बनवणं कमी करतात आणि बाहेरचं अचानक थांबलं की शरीराकडे काहीच उरत नाही, यात जीवही जाऊ शकतो. म्हणजे गंमत बघा, स्टिरॉइड नको म्हणून पुडीकडे गेले आणि शेवटी डॉक्टरांनी स्टिरॉइडचीच गोळी सुरू केली, पण मोजून, आणि कित्येक महिने थोडी थोडी कमी करत.

पुडीने एवढा आराम कसा पडला हे मी विचारलं. ते म्हणाले यात नवल नाही, १९४८ मधे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधे फिलिप हेंच यांनी आमवाताच्या पेशंटला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं तेव्हा जखडलेली बाई काही दिवसांतच चालायला लागली होती. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं, हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन तिघांना. आणि दुष्परिणामही तेव्हापासूनच माहीत आहेत, हाडं ठिसूळ, साखर, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. डॉक्टरही स्टिरॉइड देतात, पण बहुतेक वेळा मूळ औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात तेवढ्यापुरतं, कमीत कमी डोसमधे. पुडीवाल्याकडे डोस नावाची गोष्टच नाही, आज चिमूटभर कमी पडली की उद्या जास्त.

मेथोट्रेक्झेट परत चालू आहे, तीन महिन्यांची तपासणीही. मधल्या काळात उजव्या हाताच्या दोन सांध्यांचं जे नुकसान झालं ते एक्स-रेमधे दिसतं आणि ते भरून येत नाही म्हणतात. ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तर मेसेज डिलीट आणि मला बाहेर काढलं. ज्या मैत्रिणीने अ‍ॅड केलं होतं तिच्यावर राग नाही, तीही तेच खात होती.

आत्ता कोणी अशी पुडी घेत असाल तर वाचून घाबरून एकदम बंद करू नका, तेच सगळ्यात धोक्याचं आहे. उरलेल्या पुड्या फेकू नका, तशाच घेऊन लगेच डॉक्टरकडे जा आणि कधीपासून, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी घेतली हे एका कागदावर लिहून न्या. ओरडा बसेल कदाचित, बसू दे. आणि जायच्या आधीच उलट्या, चक्कर, प्रचंड थकवा सुरू झाला असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि दारातच सांगा की स्टिरॉइड असलेली पावडर घेत होते आणि बंद झालीये.