म्हापशाच्या बाजारातले मलमलचे लंगोट

आमची तान्ही लेक भर आषाढात घरी आली. डिचोलीतला पाऊस, भेट आलेले जाड लंगोट दोन-दोन दिवस दमटच. बाळाच्या जांघा लाल झाल्या, माझा जीव तुटायचा. सासूबाई शुक्रवारी म्हापशाला गेल्या आणि बाजारातल्या एका छोट्या दुकानातून मलमलचे दोन डझन लंगोट, पुढून बांधायची सहा झबली घेऊन आल्या. एकेरी, मऊ कापड. पंख्याखाली रात्रीत कोरडं! नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधा, हे दुकानातल्या काकींनीच सांगून पाठवलं. दोन लंगोटांचे बंद मात्र पहिल्याच धुण्यात उसवले. बारशाला लेक त्यातलंच पिवळं झबलं घालून पाळण्यात शांत निजली. आणखी डझनभर आणणार आहे.