ठाणे-मुरबाड ऑफरोड + ऐरोली फ्लेमिंगो, दोन दिवसांच्या पॅकेजचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे थार किंवा जिम्नीसारखी जीप आहे आणि ती फक्त घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये चालते त्यांनी हे वाचाच. अशा ट्रिपा काढणाऱ्या एका आयोजकांचं हे पॅकेज आम्ही डिसेंबरात केलं. शनिवारी मुरबाडच्या पुढे ऑफरोड, म्हणजे रस्ता सोडून माती-चिखलात गाडी चालवणं, रविवारी ठाणे आणि ऐरोली. पहिल्या दिवसाला पाचपैकी पाच, दुसऱ्याला तीन.

बुकिंगलाच मला ही माणसं आवडली. पैशांचं बोलायच्या आधी गाडी कुठली, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) आहे का, टायर किती झिजलेत, अडकलेली गाडी ओढायला पुढे-मागे टो हूक आहेत का, हे सगळं विचारलं. एकाच्या गाडीला मागे नुसता टो बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा) होता, त्याला आधी नीट रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायची मजबूत कडी, लावून घ्या मगच या म्हणाले, कारण जोराचा झटका बसून तो बॉल तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. टू व्हील ड्राइव्हवाल्यांना सरळ नाही सांगतात, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. महागडे टायर, विंच (गाडी ओढायची मोटर) वगैरे काही लागत नाही. थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, 226 मिमी आणि जिम्नीचा 210, एवढ्यावर दिवसभराचं काम आरामात होतं.

निघायचं मात्र पहाटे, कल्याणजवळ शहाडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की सकाळ गेलीच समजा. नवी मुंबईवाले शिळफाटा, बदलापूर, बारवी धरण करत आले, तो रस्ता बघायलाही जास्त छान आहे.

जागा खाजगी आहे, शेतकऱ्याला रीतसर पैसे देऊन घेतलेली, भात कापून झालेलं होतं तरी पहिला नियम हाच की बांधावर चाक घालायचं नाही. ग्रुपमधल्या एकाने विचारलं की एवढ्या लांब कशाला, येऊरला जाऊ की, तर लीड करणारा दादा म्हणाला ते नॅशनल पार्क आहे, तिथे गाडी घालायचा विषयच नाही. मला हे फार पटलं, कारण ऑफरोडच्या नावाखाली जंगलात नाहीतर बीचवर गाड्या घालणाऱ्यांमुळेच हा छंद बदनाम होतोय.

सुरुवात टायरची हवा कमी करण्यापासून. आम्ही 20 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास आणली, त्याने टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि दगडांचे हादरेही कमी बसतात. मग फोर लो (चारही चाकं, कमी वेग-जास्त ताकद) टाकून उतार. पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला, ब्रेकला हात-पाय काही लावायचा नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. पहिल्यांदा पोटात गोळा येतोच पण दादा बाहेर उभा राहून नुसत्या हाताच्या खुणांनी चाक कुठे ठेवायचं ते दाखवत होता आणि एकदाही आवाज चढवला नाही, माझ्या नणंदेनेसुद्धा गाडी उतरवली जी पार्किंगमध्ये रिव्हर्स घ्यायला घाबरते. ओढ्याच्या आधी तो स्वतः काठी घेऊन पाण्यातून चालत गेला, तळाला दगड आहे की चिखल ते बघितलं, मगच गाड्या सोडल्या. थारला 650 मिमी खोल पाणी चालतं असं कंपनी सांगते, पण तळाला चिखल असेल तर त्या आकड्याचा काय उपयोग!

एक जिम्नी चिखलात बसली तेव्हा ताणली जाणारी दोरी लावून काढली, दोरी तुटली तर उसळू नये म्हणून तिच्यावर जाडजूड घोंगडी टाकली आणि बाकी सगळ्यांना लांब उभं केलं. परत डांबरीवर यायच्या आधी कॉम्प्रेसरने हवा भरून दिली आणि प्रत्येकाची गाडी टू एचला (नेहमीच्या दोन चाकांवर) आली का ते चेक केलं, कारण थार-जिम्नीसारख्या गाड्या कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये चालवल्या तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि अ‍ॅक्सलवर ताण येतो. जेवण साधं, भाकरी, पिठलं, ठेचा. उत्तम.

आता रविवार. घरातल्या ज्यांना चिखल नको त्यांच्यासाठी हा दिवस ठेवलाय, कल्पना चांगलीच आहे, माझ्या सासूबाई तर ह्याच दिवसासाठी तयार झाल्या होत्या. पण मातीचा जेवढा अभ्यास केला त्याच्या निम्मासुद्धा भरती-ओहोटीचा केला नाही. ऐरोलीची फ्लेमिंगो बोट भरती बघून सुटते आणि ह्यांनी छापील प्लॅनमध्ये सकाळची वेळ टाकून ठेवलेली, त्या दिवशी बोट दुपारी होती. सकाळ मग मामलेदारची मिसळ आणि तलावपाळीवर गेली, मिसळीला रांग होती पण रांगेचं चीज झालं, मात्र सासूबाईंना तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरं काही प्लॅनमध्ये नव्हतंच. कौपिनेश्वराचं दर्शन आम्हीच सुचवलं, मंदिर तलावाला लागूनच तर आहे.

बोट मात्र बघण्यासारखी. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय आणि तरी आपल्यातले कित्येक जण ऐरोली पुलावरून रोज जाऊन एकदाही खाली उतरलेले नाहीत. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे असतात. डिसेंबरात थवे थोडे लांब दिसले, जवळून बघायचे तर फेब्रुवारी-मार्च बरा.

आयोजकांना फोनवर हे सगळं सांगितलंय आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं. बुक करणाऱ्यांनी तारीख घेतानाच रविवारच्या भरतीची वेळ विचारा, ज्येष्ठ मंडळी असतील तर तसं आधी कळवा, आणि घरात फक्त गाडीवेडेच असतील तर नुसता शनिवार घ्या, तो वेगळा मिळतो.