पाउंडबरीत भाड्याने राहून: दर्शनी भिंती विसरा, मागचं अंगण बघा

पाउंडबरीबद्दल इंग्लंडमध्ये ज्याला त्याला मत असतं. चार्ल्स राजे युवराज असताना डची ऑफ कॉर्नवॉलच्या, म्हणजे युवराजाच्या जहागिरीच्या जमिनीवर, डॉर्चेस्टर शहराच्या पश्चिमेला हे जुन्या धाटणीचं नवं गाव वसवायला घेतलं. आराखडा वास्तुरचनाकार लिऑन क्रिए यांचा, बांधकाम १९९३ पासून. भांडणं होतात ती मात्र फक्त दिसण्यावरून. कुणी खेळण्यातलं गाव म्हणून नाक मुरडतं, कुणी काचेच्या ठोकळ्यांपेक्षा बरं म्हणतं. नोकरीमुळे आम्ही इथे भाड्याने आलो, त्याला वर्ष होत आलं. माझ्या मते दिसण्याचं कौतुक आणि चीड दोन्ही पंधरवड्यात ओसरतात. रोज गाठ पडते ती नकाशाशी.

दिसण्याचं एकदा उरकून टाकतो. आमच्या गल्लीत एक भिंत गारगोटीची, शेजारची पिवळसर दगडाची, पुढची पांढऱ्या गिलाव्याची. शंभर-दोनशे वर्षांत घरं एकेक करून उठली असावीत असा आव, आणि सगळी जवळपास एकाच वयाची. आमच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक बुजवलेली खिडकी आहे. चौकट, खालचा दगडी पट्टा, सगळं जागच्या जागी, पण काचेऐवजी वीट. आतून तिथे आमचं कपड्यांचं कपाट. इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला अनेकांनी खिडक्या बुजवल्या. इथे कर नसताना बुजवलेलीच खिडकी बांधलीय! धुराडंही निव्वळ शोभेचं. क्वीन मदर स्क्वेअर या मुख्य चौकातल्या खांबवाल्या इमारती मला अंगावर येतात. एवढा थाट, आणि खाली वेट्रोज सुपरमार्केटमध्ये आपण कोथिंबिरीची जुडी शोधतोय.

आता नकाशा. रस्ते मुद्दाम वळवलेले, पुढचं सरळ दिसत नाही, पांढरे पट्टे नाहीत, पाट्या मोजक्याच. गाडीवाला बिचकतो आणि आपोआप हळू होतो. सुरुवातीला मला हे धोक्याचं वाटायचं, पण मुलीला शाळेत चालत नेताना जी धास्ती दुसरीकडे असायची ती इथे नाही. घराचं दार थेट पदपथावर उघडतं, पुढे बाग-कुंपण काही नाही. गाड्या मागच्या सामाईक अंगणात, गॅरेजांच्या रांगेत. त्यामुळे झालंय असं, की पुढचं देखणं दार पार्सलवाल्यापुरतं उरलंय आणि शेजाऱ्यांच्या ओळखी मागे, कचऱ्याचे डबे ओढताना झाल्या.

त्या अंगणातली बारीक खडी हा मात्र छळ आहे. बुटांच्या खाचांत बसून घरात येते, लाकडी जमिनीवर चरे पाडते. बाबागाडी तर तिच्यात रुततेच, व्हीलचेअरवाल्या शेजाऱ्यांचं काय होत असेल ते बघवत नाही.

सगळ्यात आवडलेली गोष्ट फोटोत येत नाही. इथली साधारण ३५ टक्के घरं परवडणाऱ्या दरातली, आणि ती वेगळ्या वस्तीत न लोटता सगळ्यांत मिसळलेली. बाहेरून कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही. आपल्याकडच्या टॉवरमागे लपवलेल्या पुनर्वसनाच्या इमारती आठवल्या की हे फार मोठं वाटतं. कामधंदाही गावातच ठेवलाय. दवाखाने, कचेऱ्या, अगदी चॉकलेटचा कारखानासुद्धा. जवळच्या रेनबॅरो फार्मवर शेतमाल आणि अन्नकचऱ्यापासून गॅस तयार करून २०१२ पासून गॅसच्या जाळ्यात सोडतात.

पण एवढं चालण्याजोगं गाव असूनही घरोघरी दोन-दोन गाड्या आहेतच. मागचं अंगण भरलं की त्या वळणदार गल्लीत लागतात आणि ‘पारंपरिक’ रस्ता पार्किंगची रांग होऊन जातो. आमचीही एक गाडी त्यातच, कारण कढीपत्ता आणि नाचणीसाठी गावाबाहेर जावंच लागतं.

नियम पुष्कळ. बाहेरून दिसणारं काही बदलायचं तर परवानगी हवी. आमच्या एजंटने हे सही होईपर्यंत सांगितलं नव्हतं. भाडेकरूला फारसा फरक पडत नाही, पण विकत घेणाऱ्याने या नियमांचा करारनामा आणि वर्षाचं देखभाल शुल्क आधी वाचावं.

राहायला यायचं असेल तर मुख्य चौकाच्या आसपासचं घर टाळा आणि जुन्या टप्प्यातली गल्ली बघा, तिथली झाडं आता चांगली वाढली आहेत. घर बघायला जाल तेव्हा मागच्या दाराने आत शिरा आणि तुमच्या नावाची पार्किंगची जागा नेमकी कुठली ते विचारून घ्या. शक्यतो संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा सगळ्या गाड्या घरी आलेल्या असतात.