28 इंची ट्रॉली बॅग, दहा महिने आणि एक अंदमान: सगळं चांगलं, पण ते रिबिट!

आधीच कबूल करते, ऑक्टोबरमध्ये ह्याच बॅगला मी पाच स्टार दिले होते. 'मस्त बॅग, कलर फोटोत दिसतो तसाच' असं काहीतरी लिहिलं होतं, आणि तेव्हा ती बॅग फक्त हॉलमधून बेडरूमपर्यंत गेली होती. ते पाच स्टार आज परत घेतेय. किती द्यायचे ते लिहिता लिहिता ठरवते, कारण सकाळपासून तीनदा मत बदललंय.

स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही, लिस्टिंगवर आहेत सगळे. पॉलीकार्बोनेट, चार चाकं, नंबरचं लॉक, पाच वर्षं वॉरंटी. सेलमध्ये 4,199 ला पडली. आमच्या घरात बॅगेवर चार हजार म्हणजे चर्चेचा विषय, सासूबाईंची लग्नातली पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर धडधाकट आहे आणि ती मला अधूनमधून दाखवली जाते.

घेतली कशाला, तर एलटीसी, म्हणजे सरकारी नोकरीतली प्रवास सवलत. ती वापरायची मुदत (ब्लॉक) संपत आली होती आणि अंदमानला एलटीसीवर विमानाची खास सवलत होती, त्यामुळं आमच्यासारख्या खालच्या ग्रेडवाल्यांनाही चेन्नईहून पुढं विमान मिळत होतं. सोलापूर ते चेन्नई रेल्वे, तिथून पोर्ट ब्लेअर (नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण टॅक्सीवाल्यापासून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात). मी, नवरा, सासूबाई, नववीतला पोरगा आणि चौथीतली पोरगी. गड्ड्याची यात्रा उरकली आणि जानेवारीच्या शेवटी निघालो.

पॅकिंगबद्दल बॅगेला पूर्ण मार्क. कडक भाकरीच्या दोन थप्प्या, शेंगा चटणीचा स्टीलचा डबा, पाच जणांचे कपडे, सासूबाईंची शाल (अंदमानात शाल! पण विमानातल्या एसीत तीच कामाला आली), सगळं बसलं आणि एकही भाकरी मोडली नाही. भाकरीवाल्या मावशी सुद्धा एवढी गॅरंटी देत नाहीत.

आता चाकं. ही चाकं एवढी मऊ पळतात की पहिले दोन दिवस मी प्रेमात होते. पोर्ट ब्लेअरचं टर्मिनल नवीन आहे, 2023 ला सुरू झालेलं, छत शिंपल्यासारखं, फरशी आरशासारखी, तिथं बॅग एका बोटावर चालत होती. पोरगी तिच्यावर बसली, पोरग्यानं ढकलली, सिक्युरिटीवाल्यानं डोळे वटारले. पण मऊ चाकांना ब्रेक नसतो, आणि हे लिस्टिंगवर कुठंही लिहिलेलं नाही. हॅवलॉक बेटाच्या जेट्टीवर बोटीतून उतरलो, तिथं थोडा उतार होता, नवरा बोटीत दोनदा ओकून पांढरा पडला होता म्हणून त्याला धरायला मी बॅगेचा हात सोडला आणि बॅग निघाली. आपणहून. आधी हळू, मग चांगलीच जोरात, माणसांच्या मधून वाट काढत, आणि पुढं काय तर समुद्र. एका हमालानं पाय आडवा घातला म्हणून वाचली. तो हसायला लागला, पोरं हसायला लागली, सासूबाई म्हणाल्या, "ट्रंक असती तर हलली नसती."

ह्याच सासूबाई बोटीत खिडकीशी बसून चटणी-भाकरी खात होत्या. सत्तरी पार, आयुष्यात पहिल्यांदा बोटीत, आणि ढिम्म. नवऱ्यानं आदल्या रात्री पोरांना समुद्रप्रवासावर तासभर लेक्चर दिलं होतं, त्याला मी आजपर्यंत ते विसरू दिलेलं नाही.

हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर आहेत, आम्ही पाच नंबरला राहिलो, विजयनगरला. फोटोत रूमच्या दारात समुद्र दिसत होता म्हणून घेतली, आणि तो खरंच दारात होता, फक्त रिसेप्शनपासून दारापर्यंत सगळी वाळू. पांढरी, पिठासारखी बारीक, प्रवाळाचा चुरा असतो म्हणतात तो. नवऱ्यानं बॅग उचलली नाही, ओढली. मी सांगितलं होतं. रूमपर्यंत पोचेस्तोवर चारही चाकं जॅम.

सोलापूरच्या लोकांना हे लगेच कळेल. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं पाणी वाया घालवायचं म्हटलं की आमचा हातच धजत नाही. हॉटेलच्या पोरानं सांगितलं, काका गोडं पाणी बेटावर जपून वापरतो आम्ही, आणि नवऱ्याला ते इतकं पटलं की त्यानं बॅग नेली समोर आणि चाकं समुद्रात धुतली. मिठाच्या पाण्यात! मी आंघोळीला गेले होते, बाहेर येऊन बघते तर हा गुडघाभर पाण्यात उभा, बॅग उलटी, टूथब्रशनं चाकं घासायलाय, आणि ब्रश माझा. वर संध्याकाळी चाक कुरकुर करतं म्हणून किचनमधून खोबरेल तेल आणून सोडलं. तेल आणि वाळू एकत्र झाली की काय होतं ते पाट्यावर वाटण वाटणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

हे मी प्रामाणिकपणे लिहितेय. सर्व्हिसवाल्यांना तेव्हा हे सांगितलं नव्हतं.

बाकी ट्रिप? झकास झाली. राधानगरचा किनारा, सात नंबर, तिथं दुपारी पोचलो आणि कुणालाच पाण्यातून निघवेना. सासूबाई साडी खोचून पोटऱ्याएवढ्या पाण्यात खुर्चीत बसल्यासारख्या बसल्या, लाट आली की खुदकन हसायच्या, मी त्यांना सतरा वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. मध्येच म्हणाल्या, "एवढं पाणी, आणि एक तांब्या प्यायचा तर सोय नाही." सनसेट बघायचा म्हणून मी सहा वाजता सगळ्यांना चहा-भजी करून आणायचा प्लॅन केला होता आणि साडेपाचच्या आतच सूर्य गडप! घड्याळ आपलंच, पण बेटं सोलापूरच्या कितीतरी पूर्वेला, त्यामुळं तिथं तासभर आधी अंधार पडतो. भजी मोबाईलच्या टॉर्चमध्ये खाल्ली. तिथल्या वाळूतल्या बारीक माश्या चावतात ते मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं, पोरगा आठ दिवस पाय खाजवत होता.

नील बेटावर ओहोटीची वेळ चुकली आणि तो दगडी पूल लांबूनच बघितला, सोडा.

सेल्युलर जेल मात्र सोडवत नाही. सात विंग होत्या, आता तीनच राहिल्यात. सावरकरांची कोठडी सगळ्यात वर, टोकाला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आम्ही म्हटलं खाली बसा, ऐकलं नाही. कोठडीच्या दारात चपला काढल्या आणि आत गेल्या. साडेतेरा बाय साडेसात फूट, वर एक झरोका, बस्स. भिंतीला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग बाहेर येऊन म्हणाल्या, "आपली जिन्याखालची खोली एवढीच आहे की गं." आणि पूर्ण रस्ताभर गप्प. खाली कोलू (तेलाचा घाणा) बघताना गाईडनं सांगितलं की रोज तीस पौंड तेल काढायला लावायचे. पोरग्यानं एकदा बापाकडं बघितलं आणि म्हणाला, "आणि बाबांनी वाटीभर तेलात बॅग घालवली."

आता लॉक, म्हणजे बॅगेचा दुसरा प्रॉब्लेम. परतीला पोर्ट ब्लेअर एअरपोर्टवर बॅग एक्स-रेमधून गेली आणि बाजूला काढली. म्हणाले उघडा. 0-7-4, आमच्या घराचा नंबर, फिरतच नाही! मधली चकती वाळूनं अडकलेली. मागं रांग, सीआयएसएफचा जवान शांतपणे उभा, नवरा नखानं चकती फिरवायलाय, मी फुंकर मारतेय. शेवटी सासूबाईंनी केसातली पिन काढून दिली. उघडली तर चटणीच्या डब्याखाली पोरगीच्या सॉक्समध्ये प्रवाळाचे सात-आठ तुकडे आणि शिंपले. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाएवढंच संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा पण उचलायचा नाही, हे आम्हाला टॅक्सीवाल्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जवान भला माणूस, रागावला नाही, ट्रे पुढं केला. पोरगीनं एकेक तुकडा ठेवला आणि मग जी रडली ते चेन्नईपर्यंत.

आणि चटणीच्या डब्याचं झाकण त्या उघडझापीत सैल झालं, तेल जाताना वापरलेल्या बोर्डिंग पासवर सांडलं. ते तसेच एलटीसी क्लेमला जोडले. अकाउंट्समधले साहेब फाईल उघडून म्हणाले, मॅडम, भूक लागली.

चेन्नई स्टेशनवर मागचं डावं चाक फिरायचं बंद झालं. अख्खा प्लॅटफॉर्म घासत नेलं, एका बाजूनं सपाट झालं. सोलापूरला नवऱ्यानं बॅग डोक्यावर घेतली. बरं झालं, मी काही बोलले नाही. म्हणजे फार बोलले नाही.

इथून खरा रिव्ह्यू. चाक खराब झालं तर बदलायचं, एवढीच अपेक्षा. मी बॅग उलटी करून बघितली तर चाकाला स्क्रूच नाही. रिबिट! ठोकून दाबलेलं, दोन्हीकडून बंद. म्हणजे घरी पाना-पकड घेऊन काही करताच येत नाही. दोनशे रुपयांच्या साध्या बॅगेच्या चाकाला पण स्क्रू असतो हो. चार हजाराच्या बॅगेत लॉक आहे, अस्तरावर कंपनीचं नाव छापलंय, मोबाईल चार्जरला भोक आहे, आणि जी गोष्ट शंभर टक्के झिजणार तीच पर्मनंट. ह्यावर मी एवढा विचार केलाय की आता दुसऱ्यांच्या घरी गेले तरी त्यांच्या बॅगा उलट्या करून बघते.

सर्व्हिस सेंटर पुण्यात. फोटो पाठवा, बिल पाठवा, व्हिडिओ पाठवा, पाठवले. उत्तर, वॉरंटी फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला, चाकं 'वेअर अँड टेअर'मध्ये. मग पाच वर्षं वॉरंटी नेमकी कशाला, हँडलच्या रंगाला? सतरा मेल केले. शेवटी बॅग पाठवा म्हणाले, कुरियर 640 माझे. सहा आठवड्यांनी बॅग आली, चाक बदललेलं. मी खूश, स्टार वाढवणार होते. हॉलमध्ये चालवली तर बॅग डावीकडं जाते! परत चालवली, परत डावीकडं. पट्टी लावून मोजलं तर नवीन चाक बाकी तिघांपेक्षा चार मिलिमीटर लहान. आणि परत रिबिट. फोन केला तर म्हणे साईज अप्रॉक्सिमेट असते मॅडम. ही बॅग घेऊन जूनमध्ये पुण्याला भाचीच्या लग्नाला गेलो, स्टेशनवर मी सरळ चालतेय आणि बॅग सारखी दुसऱ्यांच्या पायात. येताना उजवं चाकही गेलं. त्या दिवशी एक स्टार फायनल केला होता.

अपडेट, गेल्या रविवारचं. नवी पेठेत एक बॅगा दुरुस्त करणारे काका बसतात, वीतभर दुकान. त्यांनी बॅग उलटी केली, चाकाला नुसता अंगठा लावला आणि म्हणाले, "वहिनी, ह्ये समुद्रात नेलं होतं का ओ?" नवरा लगेच रस्त्यावरची रहदारी बघायला लागला. काका म्हणाले, "कंपनी मुद्दाम रिबिट मारती. स्क्रू मारला तर तुम्ही माझ्याकडं येताव, त्यांच्याकडं कशाला जाताव?" ड्रिलनं चारही रिबिट उडवले, आत लोखंडाचा आस गंजून तपकिरी झालेला. जाड रबरी चाकं, नटबोल्ट, आणि नट कसले तर आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्यानं ढिले होत नाहीत. 520 रुपये चारही चाकांचे, अर्धा तास. म्हणाले परत गेलं तर पाना घ्या आणि घरी बदला. आता बॅग सरळ चालते, आवाज थोडा जास्त करते, आणि उतारावर पळत नाही, घराबाहेरच्या रॅम्पवर तीनदा ट्राय केलं.

म्हणजे बॅगेचं धड, चेन, हँडल, सगळं दहा महिन्यांनी नव्यासारखं आहे, हे मान्य करावं लागेल. दोनदा विमानात, बोटीच्या ढिगात, रेल्वेत सीटखाली, एक ओरखडा सोडून काही नाही. लॉकची चकती कोरड्या ब्रशनं साफ केल्यावर चालू झाली. तीन स्टार देतेय. बॅगेला चार, सर्व्हिसला एक, रिबिटला शून्य, काय बसेल तो हिशोब लावा. अर्धा आमच्या नवऱ्यामुळं गेलाय, तो कंपनीकडून कापत नाही.

जुनी चाकं काढताना काकांनी ती पेपरवर आपटली तेव्हा आतून पांढरी वाळू पडली होती, चमचाभर, तेलानं थोडी पिवळट झालेली. पोरगी सोबत होती. काका पेपर गोळा करून फेकणार तेवढ्यात तिनं तो हातातून घेतला, घडी घातली आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला. आता ती वाळू माझ्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत आहे, टीव्हीशेजारी. मी काही बोलले नाही.